‘निरंक’ या शब्दावर किती विश्वास ठेवायचा?

कचेरीत ज्याने चार दिवस कारकुनी केली आहे त्याला ‘निरंक’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. वरून पत्र येते, तक्ता भरून मागविला जातो. आपल्याकडे सांगण्यासारखे काही नसले की रकान्यात ‘निरंक’ लिहायचे, सही-शिक्का मारायचा आणि कागद जावक करायचा. गेली वीस वर्षे मी हेच काम करतो आहे. हा शब्द मी हजार वेळा तरी लिहिला असेल. पण त्याचा अर्थ मला कळला तो दोन वर्षांपूर्वी, नांदेड जिल्ह्यातील माझ्या बहिणीच्या गावी.

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला होता. आपली वस्ती तिथे गावाच्या खालच्या अंगाला, नाल्याच्या काठी आहे. नळाची पाइपलाइन त्याच नाल्यातून येते. मंगळवारी माझ्या भाच्याला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. बुधवारी शेजारच्या दोन घरांत, शुक्रवारपर्यंत आठ घरांतील अकरा माणसे आडवी झाली. सगळी गावातल्या खाजगी डॉक्टरकडे गेली. त्याने घरोघरी खिळ्याला सलाईन लावले, इंजेक्शने दिली, दर माणसी चारशे-पाचशे रुपये घेतले. सातव्या दिवशी शेजारची एक म्हातारी, जिला सारी वस्ती मावशी म्हणत असे, ती गेली. ग्रामपंचायतीत नोंद झाली ‘वृद्धापकाळ’.

मी पोचलो तेव्हा बहिणीला विचारले, “सरकारी दवाखान्यात कळवलं का?” ती म्हणाली, “दादा, आमच्याकडं कोण बघायला येऊलालंय? आणि कळवायचं कुणाला?”

दुसऱ्या दिवशी मी आरोग्य केंद्रात गेलो. तिथले कर्मचारी सज्जन होते. मीही कारकून आहे म्हटल्यावर त्यांनी आपलेपणाने बसविले, चहा दिला आणि त्या आठवड्याचा तक्ता दाखविला. बहिणीच्या गावापुढे अतिसाराच्या रकान्यात नीटनेटक्या अक्षरात लिहिले होते, ‘निरंक’.

कुणी खोटे लिहिले होते का? नाही. केंद्रात त्या वस्तीतला एकही रोगी आला नव्हता. आशाताईला मी नंतर भेटलो. ती म्हणाली, “दादा, मला कुणी सांगितलंच नाही. सगळे खाजगीत गेले. त्या आठवड्यात मी लसीकरणात होते.” तिचेही खरे होते. प्रत्येकाचे खरे होते आणि तरीही अकरा माणसांचे दुखणे आणि एक मरण सरकारच्या दृष्टीने घडलेच नाही. नाल्यातली पाइपलाइन कुणी तपासली नाही, कारण तपासायला कारणच नव्हते.

वाचक बंधू-भगिनींनो, याच कामाला सरकारी भाषेत ‘रोग सर्वेक्षण’ म्हणतात. कोणता आजार कुठे, किती, केव्हा होतो आहे यावर सतत नजर ठेवायची, म्हणजे साथ वाढण्याआधी हात घालता येतो. दवाखाना बांधलेला डोळ्यांना दिसतो, औषध हातात पडते. ही नजर मात्र दिसत नाही. म्हणून ती चालते की नाही हे आपण कधी विचारीतही नाही. ते कसे तपासायचे, याचा विचार या लेखात करू.

नजरेची साखळी

आधी ही व्यवस्था कशी आहे ते पाहू. सपाट भागात साधारण ५ हजार लोकवस्तीला एक उपकेंद्र आणि ३० हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे असा दंडक आहे. किनवट-माहूरसारख्या आदिवासी भागात तो ३ हजार आणि २० हजार असा आहे. त्याच्या खाली साधारण हजार वस्तीमागे एक आशाताई. २००४ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने ‘एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम’ सुरू केला, तेव्हा पहिल्या टप्प्यातील राज्यांत महाराष्ट्र होता. त्यात तीन प्रकारचे तक्ते ठरले. नर्सबाई किंवा आरोग्य सेवकाने नुसत्या लक्षणांवरून भरायचा एक: ताप, जुलाब, कावीळ, खोकला. डॉक्टरने तपासून रोगाचा अंदाज लिहायचा दुसरा. आणि प्रयोगशाळेने रक्त-पाणी तपासून खात्रीने सांगायचा तिसरा. सोमवार ते रविवार असा आठवडा धरून हे कागद तालुक्याला, तिथून जिल्ह्याला, पुढे पुण्याला आणि दिल्लीला जात. ५ एप्रिल २०२१ पासून ही व्यवस्था नव्या संगणकीय रूपात आली. पूर्वी १८ रोगांवर नजर होती, ती ३३ वर गेली. आता टॅबवर आणि मोबाइलवर रोजच्या रोज नोंद करता येते.

कागदावर ही साखळी मजबूत आहे. पण साखळीची पहिली कडी कोणती? टॅब नव्हे, तक्ताही नव्हे. ज्या घरात माणूस आजारी पडला ते घर, ही पहिली कडी. ती निसटली तर पुढचे सगळे टॅब ‘निरंक’च दाखविणार.

मामल्याचे उंदीर

ही कडी निसटली की काय होते, हे आपल्या मराठवाड्याने साऱ्या जगाला दाखविले आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाचे उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, या दोन जिल्ह्यांत हजारो माणसे मातीच्या ढिगाऱ्याखाली गेली. मी तेव्हा शाळेत होतो. पुढे कित्येक महिने आमच्याकडे लोक घरात झोपायला धजत नव्हते, अंगणात, रानात झोपड्या घालून राहत. घरे रिकामी आणि धान्य मात्र घरात, अशी अवस्था मराठवाड्यात अनेक गावांची झाली होती. अशा घरांत उंदरांना मोकळे रान मिळाले असावे, असा तर्क पुढे तज्ज्ञांनी मांडला.

वर्षभराने, १९९४ च्या ऑगस्टच्या सुरुवातीला, बीड जिल्ह्यातील मामला या लहानशा गावात उंदीर मरून पडू लागले. घरोघर पिसवांचा सुळसुळाट झाला. लोकांनी तक्रार केली. महिन्याच्या अखेरीस माणसांना ताप येऊन जांघेत, काखेत गाठी उठू लागल्या. हा गाठीचा प्लेग होता. १९६६ नंतर भारतात माणसाला प्लेग झाल्याची नोंद नव्हती. म्हणजे २८ वर्षे ‘निरंक’. इतकी वर्षे निरंक आले म्हणून प्लेगवर लक्ष ठेवणारी यंत्रणाही ढिली पडली होती. अनेक डॉक्टरांनी हा रोग केवळ पुस्तकात वाचलेला होता.

त्याच सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली. लाखो लोक शहर सोडून पळाले. त्यांत पोट भरण्यासाठी तिथे गेलेले आपले मराठी मजूरही होते. पन्नासहून अधिक माणसे दगावली. अनेक देशांनी विमाने बंद केली, आपला माल नाकारला, देशाचे कोट्यवधी रुपयांचे नुकसान झाले. मामल्याचा रोगच सुरतेला गेला असे कुणी म्हणू नये, तसे सिद्ध झालेले नाही. पण एक गोष्ट स्पष्ट झाली. देशाला उंदरांवर नजर ठेवणे जड झाले होते आणि त्याची किंमत मात्र सगळ्यांनी मोजली. त्यानंतर १९९७-९८ मध्ये साथरोगांवर नजर ठेवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम मोजक्या जिल्ह्यांत सुरू झाला आणि त्यातूनच पुढे २००४ चा कार्यक्रम आला. आज देशभर चालणाऱ्या या व्यवस्थेच्या मुळाशी आपल्या मराठवाड्यातील एक खेडे आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

आणि मामल्यात उंदीर आधी कुणी पाहिले? कुठल्या साहेबाने नव्हे. घर सारवणाऱ्या, चूल पेटविणाऱ्या बायाबापड्यांनीच पाहिले असणार.

परीक्षा कशी घ्यायची?

शाळेची परीक्षा असते, बँकेचे ऑडिट असते. मग या नजरेची परीक्षा कशी घ्यावी? अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २००१ मध्ये यासाठी नऊ कसोट्या सांगितल्या: व्यवस्था सोपी आहे का, वेळेवर आहे का, नोंदी खऱ्या आहेत का, सगळ्यांना सामावून घेते का, वगैरे. आपल्याला त्यातल्या चार पुरेत. त्या चारही आपण आपल्या गावात वापरू शकतो, त्यासाठी डॉक्टर असण्याची गरज नाही.

पहिली कसोटी वेळेची. जगभरच्या आरोग्यतज्ज्ञांनी अलीकडे एक सोपे गणित मांडले आहे: सात-एक-सात. साथ सुरू झाल्यापासून ७ दिवसांत लक्षात यावी, लक्षात आल्यावर १ दिवसात वर कळवावी आणि त्यानंतर ७ दिवसांत पहिले आवश्यक उपाय पूर्ण व्हावेत. बहिणीच्या वस्तीचा हिशेब घाला. सातव्या दिवशी मावशी गेली आणि तोवर साथ कुणाच्या लक्षातही आली नव्हती.

असे होऊ शकत नाही असे मात्र नाही. २०२४ च्या जूनअखेर नांदेड जिल्ह्यातच, नायगाव तालुक्यातील मुगाव तांड्यावर विहिरीचे दूषित पाणी पिऊन नव्वदहून अधिक माणसे आजारी पडली. तिथे आरोग्य पथक तांड्यावर धावून गेले, उपचार झाले. कारण एकदम नव्वद माणसे पडली की हलकल्लोळ होतो, बातमी होते. आपल्या वस्तीत रोज दोन-तीन माणसे पडतात, त्याचा हलकल्लोळ होत नाही. भिंत पडली तर सगळे धावतात, रोज थोडी थोडी ओल मुरते ती कुणी पाहत नाही. नजर ठेवणारी व्यवस्था हवी ती या मुरणाऱ्या ओलीसाठी. हलकल्लोळ तर व्यवस्था नसली तरी ऐकू येतो.

दुसरे उदाहरण लातूर जिल्ह्याचे. जानेवारी २०२५ मध्ये उदगीर शहरात कावळे मरून पडू लागले. लोकांनी कळविले, पशुवैद्यकीय खात्याने नमुने घेतले, ते भोपाळच्या प्रयोगशाळेपर्यंत गेले. बर्ड फ्लू असल्याचे कळले आणि आसपासचा १० किलोमीटरचा भाग सतर्कता क्षेत्र म्हणून जाहीर झाला. हे सारे काही दिवसांतच झाले. याला म्हणतात नजर! कावळ्यांची नोंद झाली याचे मला दुःख नाही, आनंदच आहे. पण शहरातल्या कावळ्याच्या मरणाला कारण सापडते आणि वस्तीतल्या मावशीच्या मरणाला ‘वृद्धापकाळ’ हे उत्तर पुरते, हे मात्र मनातून जात नाही.

कोण मोजले गेले?

दुसरी कसोटी सर्वात महत्त्वाची: या मोजणीत कोण आले आणि कोण राहिले? सरकारी केंद्रात येणारा मोजला जातो. पण ग्रामीण भागातली पुष्कळ माणसे आधी खाजगी डॉक्टरकडे जातात. देगलूर-बिलोलीकडची तेलंगणात निजामाबादला, हैदराबादला जातात. उदगीर-निलंग्याकडची कर्नाटकात बिदरला जातात. रोगाला जिल्ह्याची आणि राज्याची हद्द कळत नाही, तक्त्याला मात्र कळते. मुखेड-कंधारकडून, अहमदपूर-जळकोटकडून दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघालेले कुटुंब पाच-सहा महिने फडात असते. ते गावच्या यादीत हजर आणि प्रत्यक्षात गैरहजर. कारखान्याच्या तळावर प्रत्यक्षात हजर आणि तिथल्या यादीत गैरहजर. त्यांच्या लेकरांचा गोवर, बाईचे बाळंतपण कुणाच्या वहीत लिहायचे?

न मोजण्याचा परिणाम किती भयंकर असतो? ऊसतोड करणाऱ्या बीड जिल्ह्यातील महिलांची गर्भाशये काढून टाकली जात असल्याची बातमी २०१९ मध्ये गाजली. सरकारने समिती नेमली. बयाऐंशी हजारांवर महिलांची पाहणी झाली, त्यांतील १३,८६१ जणींची गर्भाशये मागच्या दहा वर्षांत काढलेली निघाली. तेरा हजार शस्त्रक्रिया! या एका दिवसात झालेल्या नाहीत. दहा वर्षे दर आठवड्याला कुठे ना कुठे होत होत्या, आणि एकाही तक्त्यातून घंटा वाजली नाही, कारण ती मोजायची असे ठरलेलेच नव्हते. आपण मोजतो तेच आपल्याला दिसते. आणि काय मोजायचे हे ठरविणारे बहुधा फडात राहत नाहीत, नाल्याच्या काठीही राहत नाहीत.

आपल्या समाजासाठी या कसोटीला विशेष अर्थ आहे. खेड्याची रचनाच अशी की वस्ती वेगळी, तांडा वेगळा, गाव वेगळे. फवारणी वरच्या आळीपर्यंत येते, सर्वेक्षण शाळेपर्यंत येते. गावचा आकडा बरोबर असतो आणि वस्तीचा त्यात बुडून जातो. म्हणून ‘गावात किती रोगी’ एवढे विचारून भागत नाही, ‘कोणत्या आळीत किती’ हे विचारले पाहिजे.

उलगडा आणि उपाय

तिसरी कसोटी खात्रीची. ताप म्हटला की तो मलेरियाचा, डेंग्यूचा की टायफॉइडचा हे रक्त सांगते. पाणी दूषित आहे का, हे पाण्याचा नमुना सांगतो. नमुना घेतला का, कधी पाठविला आणि उत्तर कधी आले, हे तीन दिनांक विचारावेत. आजार बरा होऊन महिना झाल्यावर उत्तर येत असेल तर तो इतिहास झाला, सर्वेक्षण नव्हे.

चौथी कसोटी उपायाची. नोंद झाली, वर गेली, पुढे काय? पाण्याच्या टाकीत टीसीएल पावडर पडली का? गळती बुजली का? आणि ज्यांनी माहिती दिली त्यांना परत येऊन कुणी सांगितले का? माहिती वर जाते आणि खाली काहीच येत नाही, असे दोन-तीन वेळा झाले की खालचा माणूस सांगणे सोडतो. माझ्या बहिणीचा ‘कळवायचं कुणाला?’ हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता, अनुभवाचा होता.

विश्वास ठेवावा असा निरंक

मग निरंकवर कधीच विश्वास ठेवू नये का? तसे नाही. एक निरंक असा आहे की ज्यावर साऱ्या जगाने विश्वास ठेवला. तो पोलिओचा.

भारतात पोलिओचा शेवटचा रोगी १३ जानेवारी २०११ ला पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात सापडला. २७ मार्च २०१४ ला जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या विभागाला पोलिओमुक्त जाहीर केले. पण नुसते ‘पोलिओ निरंक’ लिहून हे झालेले नाही. पंधरा वर्षांखालील कोणत्याही मुलाला अचानक लुळेपणा आला, मग तो कशानेही आलेला असो, तर त्याची नोंद करायची, १४ दिवसांच्या आत शौचाचे दोन नमुने घ्यायचे, तपासायचे, असा नियम होता आणि आजही आहे. दुसऱ्या कारणांनी येणारा असा लुळेपणा दर लाख मुलांत वर्षाला निदान एखाद्याला तरी येतोच. म्हणून ज्या जिल्ह्यातून असा एकही रोगी कळविला जात नाही, तिथे शाबासकी मिळत नाही. तिथे चौकशी होते: तुम्ही पाहिलेच नाही का?

केवढी शहाणी युक्ती आहे ही! आपण पाहतो आहोत याचा पुरावा आधी द्या, मग तुमचा निरंक मानू. हीच कसोटी जुलाबाला लावा. ३० हजार वस्तीचे केंद्र आहे, आषाढ-श्रावण आहे, आणि अतिसाराचा रकाना आठवड्यामागून आठवडे निरंक येतो आहे. असे होऊ शकते का? कोणतीही आई सांगेल की होऊ शकत नाही. तिथे रोग नाही असे नव्हे, तिथे नजर नाही.

याची दुसरी बाजूही समजून घेतली पाहिजे. ज्या केंद्राचा आकडा मोठा त्याला बैठकीत बोलणी बसत असतील, तर तिथला कर्मचारी आकडा लहान करायला शिकेल. आपणही वर्तमानपत्रात ‘अमुक तालुक्यात रोगी वाढले’ असे वाचून लगेच तिथल्या दवाखान्याला नावे ठेवतो. केरळात साथरोगांचे आकडे मोठे दिसतात, त्याचे एक कारण तिथे नोंद चांगली होते हेही आहे. खरे बोलणाऱ्याला शिक्षा आणि निरंक लिहिणाऱ्याला सुख, ही रीत मोडली पाहिजे. आशाताईचेही तेच. तिला पगार नाही, कामागणिक मोबदला मिळतो. लसीकरण तिनेच करवून घ्यायचे, बाळंतिणीला तिनेच न्यायचे, मोबाइलमध्ये माहिती तिनेच भरायची. तिच्यावर राग काढून आपला प्रश्न सुटणार नाही. तिला आपण बातमी पुरविली तर ती आपली होते.

आणि मनात आणले तर सरकार प्रत्येक दारापर्यंत पोचते, हेही आपण पाहिले आहे. २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात, कोरोनाच्या काळात, ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत पथके घरोघर फिरली, ताप पाहिला, बोटाला यंत्र लावून प्राणवायू मोजला. तेव्हा रोग साऱ्यांना शिवणारा होता. वस्तीतला जुलाब वस्तीतच राहतो, म्हणून तो वाट पाहू शकतो, असे तर नाही ना?

आपल्या हातातले

तक्रार करून थांबणे ही आपली रीत नव्हे. पुढील गोष्टी कोणत्याही वस्तीत, फारसा पैसा न लागता करता येतील.

१. आशाताईचा, नर्सबाईचा आणि आरोग्य केंद्राचा फोन नंबर विहाराच्या भिंतीवर ठळक लिहा. खाजगीत उपचार घेतला तरी बातमी आशाताईला द्या. एका आठवड्यात एकाच आळीत तीन घरांत जुलाब, कावीळ वा ताप दिसला की थांबू नका. कोंबड्या, कावळे, उंदीर मरून पडले तरीही कळवा, मेलेल्याला हात लावू नका.

२. तोंडी सांगितलेले हवेत जाते. आरोग्य केंद्राला साधा अर्ज द्या: कोणत्या तारखेपासून, किती घरे, किती माणसे, पाणी कुठले. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. एका कारकुनाचे ऐका, आवक क्रमांक पडलेला कागद निरंक होत नाही.

३. ग्रामपंचायतीला पाण्याच्या स्रोताच्या पाहणीनंतर हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. आपल्या गावाचे कोणते, ते ग्रामसभेत विचारा. जलसुरक्षक टीसीएल कधी टाकतो, वस्तीच्या शेवटच्या नळाला क्लोरिन येते का, याची ओटी तपासणी तुमच्यासमोर करायला सांगा. तपासणी टाकीपाशी नको, शेवटच्या नळापाशी हवी.

४. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती कागदावर बहुतेक गावांत असते. तिच्यात आपल्या वस्तीची एक तरी बाई आहे का पाहा, आणि ती बैठकीला जाते का तेही पाहा.

५. क्षयरोग लपवू नका. मे २०१२ पासून क्षयरोग्याची नोंद करणे खाजगी डॉक्टरलाही बंधनकारक आहे. नोंद झाली तरच पोषणासाठी पैसे मिळतात. एप्रिल २०१८ पासून महिना ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० केले आहेत. नोंद म्हणजे बदनामी नव्हे, तो आपला हक्क आहे.

६. घरी मृत्यू झाला तर २१ दिवसांत नोंद करा आणि आधी कोणता त्रास होता ते स्पष्ट सांगा. म्हातारपण हा रोग नाही.

वर्षावासातील वही

वर्षावास पावसाळ्यातच येतो आणि दूषित पाण्याचे रोगही पावसाळ्यातच येतात. या तीन महिन्यांत आपल्याकडे विहारात ग्रंथवाचनाला घरटी एक तरी माणूस येतो. इतक्या नियमाने सगळी वस्ती एकत्र जमते अशी दुसरी वेळ नाही. वाचन संपल्यावर पाच मिनिटे काढून एकच प्रश्न विचारावा: या आठवड्यात कुणाच्या घरी आजारपण आहे? आणि आज कोण आले नाही?

भगवान बुद्धांची एक गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. आनंदासह भिक्खूंच्या निवासांची फेरी करताना त्यांना एक भिक्खू अतिसाराने आपल्याच घाणीत पडलेला दिसला. जवळ कुणी नव्हते. त्यांनी पाणी आणविले, स्वतः त्याला धुतले, उचलून नीट निजविले आणि मग संघाला बोलावून जाब विचारला. सेवेची गोष्ट म्हणून आपण ती सांगतो. पण सेवेच्या आधी त्यांनी फेरी केली होती, हे आपण विसरतो. फेरी केली नसती तर तो भिक्खू कुणालाच दिसला नसता.

बहिणीच्या वस्तीतल्या महिला मंडळाने गेल्या वर्षावासात दोनशे पानी वही घातली. तारीख, घर, कोण आजारी, काय त्रास, कुणाला कळविले, कोण आले, एवढेच सहा रकाने. नववीत शिकणारी एक मुलगी ती लिहिते. श्रावणात पुन्हा जुलाब सुरू झाले तेव्हा तिसऱ्या दिवशी चार घरांची नावे अर्जासह केंद्रात पोचली, पाचव्या दिवशी नर्सबाई आल्या, पाण्याचा नमुना गेला, टाकीत पावडर पडली. माणूस एकही दगावला नाही. पाइपलाइन मात्र अजून नाल्यातच आहे. तिचा अर्ज मी स्वतः लिहून दिला आहे, पोच वहीत चिकटवली आहे, आणि दर ग्रामसभेला मंडळाच्या बाया तो क्रमांक वाचून दाखवितात.

वहीत मधले तीन-चार आठवडे कोरे आहेत. त्या पोरीने तिथेही लिहिले आहे, ‘निरंक’. पण त्याखाली तिने आणखी एक ओळ घातली आहे: ‘सर्व ४१ घरी विचारले.’ ही दुसरी ओळ ज्या निरंकाखाली असेल, त्यावर खुशाल विश्वास ठेवा.